वरची बाजू कुणाची?

मोबाइल उभा धरून काढलेला माणसाचा फोटो गॅलरीत नीट उभा दिसतो. तोच फोटो अर्जाच्या किंवा प्रबंधाच्या फाइलमध्ये घातला की माणूस आडवा पडतो. अर्ज भरणारा वैतागतो, फोटोच्या डोक्यावरचा गोल बाण धरून त्याला उभा करतो, फाइल पाठवतो, आणि सुटा फोटो मागितला गेला की तो पुन्हा आडवाच जातो. सायबर कॅफेत याला ‘फोटो फिरला’ म्हणतात. पण फोटो फिरलेला नसतो. गॅलरीने आणि अर्जाच्या फाइलने एकच फोटो वाचला, त्यातला एकही बिंदू इकडचा तिकडे झाला नाही, तरी एकीने माणूस उभा दाखवला आणि दुसरीने निजलेला. दोघींपैकी खरं कोण बोलतंय? प्रश्न संगणक दुरुस्त करणाऱ्याचा वाटतो आणि निम्मा तो आहेही. उरलेला निम्मा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे: वर-खाली, उभं-आडवं हे वस्तूत असतं, पाहणाऱ्यात असतं, की तिसरीकडेच कुठं? या प्रश्नावर आपल्याकडे वैशेषिकांपासून नव्यनैयायिकांपर्यंत वाद झाला, युरोपात तर त्यात देवालाही ओढलं गेलं. आडव्या पडलेल्या फोटोने तो वाद आता घरोघरी आणून ठेवला आहे.

आधी यंत्राची बाजू. कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंचा एक आयत. तो मोबाइलच्या आत एकाच स्थितीत पक्का बसवलेला असतो आणि त्याच्या ओळी ठरलेल्या क्रमानेच वाचल्या जातात. मोबाइल आडवा धरा, उभा धरा, सेन्सरला त्याचं सोयरसुतक नसतं; पहिली ओळ ती पहिलीच. बहुतेक मोबाइलमध्ये या आयताची लांब बाजू मोबाइलच्या लांब बाजूला समांतर असते आणि चित्र त्या लांबीच्या ओळींनी साठवलं जातं. त्यामुळे उभ्या मोबाइलने काढलेला फोटो फाइलमध्ये सहसा आडवाच पडलेला असतो. त्याला उभं करते ती सोबतची एक छोटी नोंद. फोटोसोबत तारीख, वेळ, भिंगाची माहिती साठवण्याची ‘एक्झिफ’ नावाची पद्धत १९९५ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने ठरवली. तिने ‘टिफ’ या जुन्या चित्रपद्धतीतून २७४ क्रमांकाची एक नोंद उचलली. त्या नोंदीत एक ते आठ यांपैकी एक आकडा असतो. एक म्हणजे साठवलेली पहिली ओळ दृश्याच्या वरच्या कडेची आणि पहिला स्तंभ डाव्या कडेचा. सहा म्हणजे पहिली ओळ दृश्याच्या उजव्या कडेची, पहिला स्तंभ वरच्या कडेचा; दाखवताना चित्र घड्याळाच्या दिशेने काटकोनात वळवायचं. तीन म्हणजे अर्धा फेरा, आठ म्हणजे उलट दिशेने काटकोन. उरलेले चार आकडे आरशातल्या प्रतिमेचे. त्यांच्याकडे नंतर येऊ. गॅलरी हा आकडा वाचते आणि पाळते. दस्तऐवज तयार करणाऱ्या अनेक प्रणाली तो वाचतच नाहीत. गणिताचे प्रबंध ज्यात लिहितात त्या लाटेकची चित्रं घालणारी नेहमीची व्यवस्था या आकड्याकडे बघत नाही. वेबपानांवरची चित्रं या नोंदीप्रमाणे आपोआप वळवून दाखवायला प्रमुख ब्राउझरांनी सुरुवात केली तीही २०२०च्या सुमारास, म्हणजे एक्झिफ जन्मल्यावर पंचवीस वर्षांनी.

तेव्हा कुणीच खोटं बोललेलं नाही. दस्तऐवजाने बिंदू जसे होते तसे मांडले, गॅलरीने बिंदूंसोबतची साक्षही ऐकली. यातून मला जे म्हणायचं आहे ते असं: उभेपणा हा चित्राचा गुण नाही. तो चित्र आणि ते जिथं काढलं गेलं ती परिस्थिती यांच्यातला संबंध आहे, आणि चित्र त्या परिस्थितीपासून तुटलं की तो संबंध साक्षीच्या रूपानेच शिल्लक राहतो. लाल रंग फोटोत असतो, माणसाच्या नाकाचा आकार फोटोत असतो. ‘वर’ मात्र फोटोत नसतं. ते कुणीतरी सांगावं लागतं.

वैशेषिकांनी दिशेला नऊ द्रव्यांत जागा दिली, पण तिच्याविषयी त्यांनी केलेलं विधान या वादात फार कामाचं आहे. दिक् एकच आहे, सर्वत्र भरून आहे, नित्य आहे. पूर्व-पश्चिम हे तिचे तुकडे नव्हेत. सूर्याच्या संयोगामुळे एकाच दिशेला वेगवेगळी नावं पडतात. सूर्याशी पहिली गाठ पडते ती पूर्व. प्रशस्तपादांनी अशी दहा नावं दिली, त्यांत वरच्या दिशेला ब्राह्मी आणि खालच्या दिशेला नागी म्हटलं. हा सूर्य म्हणजे उपाधी, बाहेरून लागलेली अट. ती काढून घेतली तर पूर्वपण उरत नाही. मोबाइलची उपाधी सूर्य नसून गुरुत्वाकर्षण आहे. त्याच्यातला ॲक्सेलरोमीटर पृथ्वीची ओढ कुठल्या बाजूला आहे ते मोजतो आणि फोटो निघताक्षणी त्यावरून तो आकडा लिहिला जातो. हे सगळं कसं उपाधीवर टांगलेलं आहे याची परीक्षा रोज लाखो टेबलांवर होते. सातबाऱ्याचा उतारा किंवा जन्माचा दाखला टेबलावर पसरायचा आणि मोबाइल त्याच्या वर, जमिनीला समांतर धरून फोटो काढायचा. आता पृथ्वीची ओढ कागदाच्या डोक्याकडेही नाही आणि पायाकडेही नाही. ती कागदाच्या आरपार, भिंगाच्या रोखाने आहे. ॲक्सेलरोमीटरला चारही कडा सारख्याच. मग मोबाइल आधी जसा धरला होता त्यावरून, किंवा हाताच्या किंचित कलण्यावरून, काहीतरी आकडा लिहून मोकळा होतो. कागदांचे फोटो इतर फोटोंपेक्षा जास्त वेळा आडवे निघतात ते यामुळे. इथं यंत्र बिघडलेलं नसतं. सरळ खाली बघणाऱ्याला ‘वर’ नावाची गोष्ट उपलब्धच नसते, आणि यंत्राला मौन पाळायची सोय दिलेली नाही.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. साक्ष हवीच कशाला? दाखल्यावर अक्षरं आहेत, माणसाला डोकं आहे, घराला छप्पर आहे. चित्रातला मजकूरच वरची बाजू सांगतो. देवनागरीत तर शिरोरेषा आहे. दहा फुटांवरून, अक्षर न लागताही, कागद उलटा आहे की सुलटा ते कळतं. कागद वाचणाऱ्या संगणक-प्रणाली आधी लिपी आणि तिचा कल ओळखतात आणि मग वाचायला घेतात, म्हणजे हा आक्षेप यंत्रानेही मान्य केला आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण तो जे सिद्ध करू पाहतो ते त्याने सिद्ध होत नाही. शिरोरेषा ही काळ्या बिंदूंची लांबट पट्टी आहे. ती वर असते हे त्या पट्टीत लिहिलेलं नाही. ते आपण शाळेत शिकलो. बंगाली आणि गुरुमुखी वाचणाऱ्याला ती ओळखीची वाटेल, ज्याने रोमन लिपीच पाहिली त्याला ती अधोरेखा वाटायला हरकत नाही. चेहऱ्याचंही असंच. पीटर थॉम्पसन या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातले फक्त डोळे आणि तोंड उलटे करून दाखवले. अख्खं चित्र उलटं धरलं तर चेहरा ठीकठाक वाटतो; सुलटं धरलं की अंगावर काटा येतो. बिंदूंमधलं नातं दोन्ही वेळा एकच असतं. म्हणजे चेहरा आपण बिंदूंमधून जसाच्या तसा वाचत नाही. उभ्या चेहऱ्यांच्या आयुष्यभराच्या सवयीतून वाचतो. मजकूर वरची बाजू सांगतो हे खरं, पण ज्याला तो मजकूर आधीच सुलट माहीत आहे त्यालाच सांगतो. आणि ओळखीचा मजकूर नसला तर? १९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातीसचं ‘बोट’ हे चित्र सत्तेचाळीस दिवस उलटं टांगलेलं होतं. शीड आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब, एवढंच त्या चित्रात आहे. हजारो लोक त्याच्यासमोरून गेले, त्यांत चित्रकलेचे जाणकार नसतील असं म्हणवत नाही. शेवटी एका प्रेक्षक बाईंच्या लक्षात आलं.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो. पृथ्वीवरचं ‘वर’ उपाधीचं असेल. पण विश्वाला स्वतःची अशी काही ठेवण असेलच ना, निदान देवाच्या नजरेत? १७१५-१६ मध्ये लायब्निझ आणि न्यूटनचे मित्र सॅम्युएल क्लार्क यांच्यात पत्रांतून जो वाद झाला त्यात हाच मुद्दा होता. न्यूटनच्या पक्षाला जागा ही वस्तूंच्या आधीची, स्वतंत्र गोष्ट वाटत होती. लायब्निझने विचारलं: सगळ्या वस्तूंची एकमेकांशी असलेली नाती तशीच ठेवून देवाने पूर्वेच्या जागी पश्चिम केली असती, तर काय वेगळं झालं असतं? काहीच नाही. मग देवाने असंच का ठेवलं, तसं का नाही, याला कारणच सापडणार नाही. आणि देव विनाकारण काही करत नाही. म्हणून ‘अख्खं विश्व फिरवणं’ या शब्दांना अर्थच नाही. क्लार्क म्हणाले, देवाची इच्छा हेच पुरेसं कारण. श्रद्धेला क्लार्कचं उत्तर जवळचं वाटेल, पण मला लायब्निझचं उत्तर जास्त धार्मिक वाटतं, कारण त्यात देवाला दोन अगदी सारख्या गोष्टींपैकी एक छापा-काटा करून निवडावी लागत नाही. आपल्याकडे नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींनी सोळाव्या शतकात वैशेषिकांच्या द्रव्यांची यादी छाटताना दिक् आणि काल यांना वेगळं अस्तित्व नाकारलं आणि ती कामं ईश्वराकडेच सोपवली. मार्ग वेगळा, पण दिशा नावाची स्वतंत्र वस्तू देवाच्या शेजारी उभी नसावी ही ओढ तिथंही दिसते. विश्वाचा फोटो काढला तर त्याला २७४ क्रमांकाची नोंद कुणी लिहायची, असा हा प्रश्न आहे. विश्वाचा नाही तरी पृथ्वीचा तसा फोटो आहे. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ मधल्या अंतराळवीरांनी काढलेलं आणि ‘ब्लू मार्बल’ म्हणून जगभर लागलेलं छायाचित्र मुळात अंटार्क्टिका वर आणि आफ्रिका उलटी असं होतं. प्रसिद्ध करताना ते अर्धा फेरा फिरवलं गेलं. फिरवणाऱ्यांनी पृथ्वी सुलटी केली असं म्हणता येत नाही. त्यांनी ती आपल्या नकाशांशी जुळवली. अल-इद्रिसीचा ११५४ चा नकाशा दक्षिण वर ठेवतो, आणि त्याच्या वाचकाला मूळ फोटोच बरोबर वाटला असता.

इथं तिसरा आक्षेप दार ठोठावतोच. मग सगळंच ज्याचं त्याच्यापाशी? मी फोटो आडवा म्हणतो, तुम्ही उभा म्हणा, दोघंही बरोबर? नाही. गोष्ट सापेक्ष आहे म्हणजे ती मनमानी आहे, असं होत नाही. जैनांचा स्याद्वाद ज्यांनी मन लावून वाचला त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही: अमुक अपेक्षेने अमुक आहे, हे विधान त्या अपेक्षेपुरतं पक्कं असतं, आणि त्या अपेक्षेने खोटंही ठरू शकतं. ‘हा फोटो काढताना पृथ्वीची ओढ या कडेला होती’ ही घडलेली गोष्ट आहे. तिच्याविषयीची नोंद खरी किंवा खोटी असते. म्हणूनच या प्रश्नाचं खरं घर दिशेच्या चर्चेपेक्षा प्रामाण्याच्या चर्चेत आहे. मीमांसकांचं म्हणणं, ज्ञान आपल्या बळावरच प्रमाण असतं. बाधक ज्ञान आडवं येईपर्यंत किंवा कारणात दोष सापडेपर्यंत त्यावर विश्वास ठेवावा. नैयायिकांचं म्हणणं, प्रामाण्य बाहेरून ठरतं. त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती यशस्वी झाली का, ते बघावं. चित्र दाखवणारी प्रत्येक प्रणाली या दोघांपैकी एकाची शिष्य आहे. नोंद नसलेला फोटो आला की तो सुलटाच आहे असं धरून चालायचं, हे मीमांसकाचं वागणं. नोंद असताना थेट मान्य न करता विचारणं, हे नैयायिकाचं. लिब्रेऑफिस रायटरमध्ये अशा नोंदीचा फोटो घातला की एक खिडकी उघडते: चित्र वळलेलं आहे, नेहमीच्या स्थितीत आणू का? अर्ज भरताना ही खिडकी नडते, पण ज्ञानशास्त्राच्या दृष्टीने ती इतर प्रणालींपेक्षा जास्त प्रामाणिक आहे. तिला माहीत आहे की बिंदू एक सांगताहेत, साक्ष दुसरं सांगते आहे, आणि निवाडा देण्याचा अधिकार बघणाऱ्याचा आहे.

सगळ्यात चमत्कारिक घोटाळा होतो तो साक्ष खोटी असल्यामुळे नव्हे, तर ती शिळी झाल्यामुळे. एखादी प्रणाली सहाचा आकडा वाचते, इमानदारीने बिंदू काटकोनात वळवते, चित्र सुलटं साठवते, आणि आकडा सहाच ठेवते. पुढची प्रणालीही तितकीच इमानदार असते. ती सहा वाचते आणि पुन्हा वळवते. दोन प्रामाणिक सेवकांनी मिळून माणूस दुसऱ्या अंगावर निजवला. डब्यावर ‘साखर’ अशी चिठ्ठी आहे, आत आता मीठ भरलं आहे आणि चिठ्ठी तशीच आहे, तसा हा प्रकार. नैयायिक शब्दप्रमाणासाठी वक्ता आप्त असावा म्हणतात, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष जाणणारा आणि ती आहे तशी सांगणारा. इथं वक्ता आप्तच होता. कॅमेऱ्याने पाहिलं आणि पाहिलं तसं सांगितलं. त्याचं वाक्य ज्या बिंदूंविषयी होतं ते बिंदूच बदलले, आणि बदलणाऱ्याला वाटलं की वाक्य हे वाक्य आहे, ते कशाला बदलायचं. साक्षीला विषय असतो. विषय बदलणाऱ्यावर साक्ष बदलण्याची जबाबदारी येते; ती पार पाडली नाही तर कुणीही खोटं न बोलता जगात खोटं शिरतं. धर्मग्रंथांच्या अर्थाविषयीचे निम्मे वाद मला याच जातीचे वाटतात: वचन आप्ताचं, पण ज्या परिस्थितीविषयी ते होतं ती मधल्या कुणीतरी आधीच वळवून ठेवलेली, आणि वाचणारा निष्ठेने पुन्हा एकदा वळवतो.

त्यामुळे दुरुस्ती म्हणजे काय हेही नीट ठरवावं लागतं. दस्तऐवजातला गोल बाण धरून फोटो उभा केला तर ना बिंदू बदलतात ना नोंद. त्या दस्तऐवजात तिसरी एक सूचना वाढते. तेवढ्यापुरतं भागतं, आणि पीडीएफ करून पाठवायचं असेल तर अनेकदा तेवढंच पुरतं. पीडीएफच्या पानालाही स्वतःची वळणाची नोंद असते, नव्वदच्या पटीतली, म्हणजे साक्षीवर आणखी एक साक्ष. माझ्या मते चांगली दुरुस्ती ती, जिच्यानंतर सांगायचं काही उरत नाही: दस्तऐवजात घालण्यापूर्वीच बिंदू नोंदीप्रमाणे वळवायचे आणि नोंदीत एक लिहायचं. इमेजमॅजिकमध्ये यासाठी एक तयार आज्ञा आहे. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या साध्या संपादकात फोटो किंचित कातरून नव्याने साठवला तरी बहुधा हेच घडतं. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेलं चित्र पलीकडे सहसा सुलटं पोचतं तेही यामुळेच. तिथं ते नव्याने दाबलं जातं आणि जुन्या नोंदी गळतात. जेपेग चित्र पुन्हा दाबताना मात्र दर्जा थोडा उतरतो. तो उतरू नये म्हणून जेपेगट्रान नावाचं साधन चित्राचे आठ किंवा सोळा बिंदूंचे चौकोन न उलगडता जसेच्या तसे फिरवतं. पण चित्राची लांबी-रुंदी त्या चौकोनांच्या पटीत नसेल तर कडेची पट्टी एक तर कापावी लागते, नाही तर चुकीच्या जागी राहते. साक्ष वस्तूत मुरवायची तर वस्तूची थोडी कड जाऊ शकते. ज्याला मूळ फोटो पुरावा म्हणून जपायचा आहे त्याने म्हणून बिंदूंना हात लावू नये आणि नोंदच जपावी. दाखल्याची प्रत जोडणाऱ्याचं आणि अभिलेख सांभाळणाऱ्याचं कर्तव्य इथं वेगळं होतं, आणि ते वेगळं असण्यात विसंगती काही नाही.

आणखी एक अडचण उरते, तर्कशास्त्रात जिला अनवस्था म्हणतात ती. नोंद सांगते की पहिली ओळ ‘दृश्याच्या वरच्या कडेची’. पण हे ‘वर’ कुणाचं? पडदा टेबलावर आडवा पडला असेल तर? साक्षीचा अर्थ सांगायला दुसरी साक्ष, तिला तिसरी, असं कुठवर चालायचं? केप्लरने १६०४ साली दाखवलं की डोळ्याच्या पडद्यावर जगाची प्रतिमा उलटी पडते. तेव्हापासून प्रश्न पडला तो हाच: मग आपल्याला जग सुलटं कसं दिसतं, ते आतमध्ये कोण वळवतं? बर्कलीने १७०९ मध्ये उत्तर दिलं की डोळ्याच्या आत बसून ती प्रतिमा बघणारा कुणी नाहीच, म्हणून ती वळवायची गरजही नाही. वर आणि खाली आपण स्पर्शातून, हालचालीतून शिकतो आणि दिसणं त्याला जोडून घेतो. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज स्ट्रॅटनने १८९०च्या दशकात जग उलटं दाखवणारी भिंगं डोळ्यावर बांधून दिवसच्या दिवस काढले. सुरुवातीला हात चुकीकडे जात, पाय अडखळत. पुढं पुढं पाहणं आणि हात लावणं पुन्हा जुळत गेलं. त्याला जग खरंच सुलटं ‘दिसू’ लागलं का, यावर नंतरचे संशोधक भांडले. आपल्या वादाला तेवढं पुरतं की जुळवणी कृतीत झाली. अनवस्था तिथं थांबते. जमिनीवर उभं राहणारा, पाण्याचा तांब्या उपडा न करता उचलणारा देह हाच शेवटचा अर्थ लावणारा आहे, आणि त्याला नोंद लागत नाही.

गीतेच्या पंधराव्या अध्यायातला, आणि त्याआधी कठोपनिषदातला, अश्वत्थ या विवेचनाला विरोधी वाटेल. त्या झाडाची मुळं वर आहेत, फांद्या खाली. ‘वर’ ही नुसती देहाची सवय असेल, तर या प्रतिमेतला धक्का कशाचा? मला वाटतं, धक्का नेमका तिथूनच येतो. उभ्या देहाच्या वाचकालाच ते झाड उलटं वाटतं. शंकराचार्यांनी वर असलेल्या मुळाचा अर्थ ब्रह्म असा लावला: सूक्ष्म, कारणरूप, नित्य, म्हणून ‘ऊर्ध्व’. हे ऊर्ध्वत्व गुरुत्वाकर्षणाच्या उलट बाजूला असलेलं नव्हे. कारणाने कार्याहून वर असण्याचं आहे. ते झाड फिरवून सुलटं करायला कुणी सांगत नाही. फिरवलं तर प्रतिमा नेहमीच्या झाडाची होईल आणि सांगायचं ते निघून जाईल. म्हणजे काही चित्रं उलटी राहण्यातच त्यांचा अर्थ असतो, आणि आपोआप सुलटं करणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेला ती हाताळता येणार नाहीत. जर्मन चित्रकार गेओर्ग बाझेलित्स १९६९ पासून माणसं आणि झाडं उलटीच रंगवत आला. त्याच्या चित्राचा फोटो यंत्राच्या सुबुद्धीवर सोपवला तर ती सुबुद्धी चित्र बिघडवेल. तिथंही चित्रकाराची साक्षच लागते.

आता उरलेले चार आकडे, आरशाचे. फिरवणं आणि आरशात उलटवणं या दोन गोष्टी एकाच मेन्यूत शेजारी बसतात, पण त्यांच्यात मोठं अंतर आहे. आडवा फोटो मान वाकडी करून सुलटा बघता येतो. आरशातली प्रतिमा मान कितीही वाकवली तरी सुलटी होत नाही. कान्टने १७६८ साली यावरूनच लायब्निझला धरलं होतं: डाव्या आणि उजव्या हाताच्या भागांमधली अंतरं, कोन, नाती सगळी सारखी, तरी एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही. म्हणजे नात्यांच्या पलीकडे जागेत काहीतरी आहेच. माझ्या प्रतिपादनाला ही खरी मर्यादा आहे आणि ती मान्य करायला हवी. आपल्याकडे तिचं उदाहरण देव्हाऱ्यात आहे. डाव्या सोंडेच्या गणपतीचा फोटो चारही बाजूंना वळवा, उपडा करा, सोंड गणपतीच्या डाव्या हाताकडेच राहते. पुढच्या कॅमेऱ्याने, आरशासारखी प्रतिमा साठवायची सोय चालू ठेवून मूर्तीसोबत फोटो काढला, की तोच गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक. फोटोला ते सोवळं लागू होतं का, हे ज्याने त्याने आपल्या पुरोहिताला विचारावं. वर-खाली चित्रात नव्हतं. डावं-उजवं मात्र चित्रात आहे, निदान दोघांत फरक आहे एवढं तरी चित्रात आहे. पण दोघांपैकी मूर्तीचं खरं कुठलं, हे त्यात नाही. आरशासारखा फोटो साठवताना बहुतेक वेळा बिंदूच उलटवलेले असतात, आणि नोंदीत साधा एक किंवा सहा असतो. वरच्या बाजूबद्दल नोंद खरं बोलते, आरशाबद्दल अवाक्षर काढत नाही. मागं पाटी असेल तर अक्षरं उलटी दिसून चोरी पकडली जाते. पाटी नसेल, तर सिद्धटेकचा उजव्या सोंडेचा गणपती डाव्या सोंडेचा होऊन दस्तऐवजात बसेल आणि त्यात काही खटकलं तर ते सिद्धटेकला जाऊन आलेल्यालाच खटकेल.